बाळंतिणीच्या इंजेक्शनला फ्रिजमध्ये जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मातामृत्यूंचे आकडे जाहीर झाले की महाराष्ट्राचे कौतुक होते आणि ते अनाठायी नाही. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या अहवालात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण देशात ९७, आसामात १९५, केरळात १९ आणि महाराष्ट्रात ३३ इतके होते. परंतु या सरासरीत पुण्या-मुंबईची सुसज्ज रुग्णालये आणि मेळघाट, भामरागड, धडगावकडची उपकेंद्रे एकाच मापाने मोजली जातात, हे विसरून चालणार नाही. विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून सारी नोकरी केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, आई आणि बाळ वाचवणाऱ्या औषधांचा प्रश्न आज संशोधनाचा राहिलेला नाही आणि बहुतांशी किमतीचाही नाही. ती औषधे चांगल्या प्रतीची, योग्य तापमानात राखलेली आणि हव्या त्या क्षणी खाटेपाशी असावीत, ही जबाबदारी नेमकी कोणाची हे कोणी ठरवलेले नाही. मला काय म्हणायचे आहे ते एका इंजेक्शनाच्या उदाहरणाने सांगतो.

बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि गर्भाशय आकसून त्या जागेच्या उघड्या रक्तवाहिन्या दाबून बंद करते. ते आकसले नाही, तर रक्त थांबत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. त्यामुळे तासाभरापूर्वी बोलत असलेली धडधाकट बाई रुग्णवाहिका येईपर्यंत हातची जाऊ शकते. जगात दरवर्षी सुमारे ७० हजार स्त्रिया प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने दगावतात आणि त्यांतील बहुतेक आफ्रिका व दक्षिण आशियातील गरीब देशांतल्या असतात. यावरचा प्रतिबंधक उपाय म्हणजे ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर येताच मिनिटाभरात दहा युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत टोचले की गर्भाशय आवळते. हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झाले १९५३ साली आणि त्या कामासाठी व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची किंमत आज अगदी थोडकी आहे. सत्तर वर्षांचे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध हाताशी असूनही बायका रक्त जाऊन मरतात, याचे कारण मग औषधाबाहेर शोधावे लागते.

ऑक्सिटोसिनला दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमान लागते. उष्णतेने ते हळूहळू निकामी होते, आणि तसे झाले तरी अँप्युलमधले (औषधाच्या काचेच्या बंद नळीतले) पाणी पूर्वीसारखेच नितळ दिसते. लसीच्या कुपीवर वर्तुळातला एक लहान चौकोन असतो. कुपीला उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो आणि आरोग्यसेविका एका नजरेत ती कुपी बाजूला काढते. ऑक्सिटोसिनच्या अँप्युलवर अशी कोणतीही खूण नसते. मी काम केलेल्या एका केंद्रात (नाव घेत नाही, कारण कमी-अधिक फरकाने हेच चित्र अनेक ठिकाणी होते) मे महिन्यात लेबर रूममधल्या खिडकीशेजारच्या ट्रेमध्ये कापसाच्या बोळ्यांजवळ ऑक्सिटोसिनच्या अँप्युली ठेवलेल्या असत. बाहेर पारा पंचेचाळिसापलीकडे आणि खोलीत पंखा चालू असला तर चालू. दहा पावलांवर लसींचा आयएलआर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज, होता, ज्याला चोवीस तासांतून आठ तास वीज मिळाली तरी आतला गारवा टिकतो. पण त्याच्या दारावरच ठळक सूचना चिकटवलेली होती की लसींखेरीज त्यात काहीही ठेवू नये, आणि त्याची किल्ली लसीकरणाचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असे. त्या कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. लसींचे तापमान बिघडले तर त्याला जाब द्यावा लागे. बाळंतिणीच्या इंजेक्शनचे तापमान बिघडले तर कोणालाच जाब द्यावा लागत नसे.

ही सूचना ज्या काळजीपोटी आली ती मी समजू शकतो. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे आणि कर्मचाऱ्यांची स्वतःची औषधे शिरतात, दार वारंवार उघडले जाते आणि लसी खराब होतात. परंतु जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०१९ साली संयुक्त निवेदन काढून स्पष्ट सांगितले आहे की ऑक्सिटोसिन कायम शीतसाखळीतच राखले पाहिजे आणि त्यासाठी लसींच्या शीतसाखळीतली जागा वापरावी. एका केंद्रातल्या महिन्याभराच्या प्रसूतींना पुरतील एवढ्या अँप्युली लहानशा खोक्यात मावतात. वेगळ्या रंगाचे, ठळक नाव लिहिलेले एक खोके आयएलआरच्या टोपलीत ठेवल्याने लसीकरणाचे काहीही बिघडत नाही. ज्या केंद्रात प्रसूती अधिक होतात, तिथे लेबर रूममध्येच लहान फ्रिज देणे हा त्याहून बरा उपाय, कारण रात्री दोन वाजता किल्ली शोधावी लागत नाही.

उष्णतेने आणि निकृष्ट उत्पादनाने काय होते, याचा ताळा इतर देशांत घेतला गेला आहे. नायजेरियात दुकानांतून व रुग्णालयांतून गोळा केलेल्या ऑक्सिटोसिनच्या नमुन्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश नमुने चाचणीत अपात्र ठरल्याचे तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच पाहणीत गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचे फार थोडे नमुने नापास झाले. मॅग्नेशियम सल्फेट हे साधे क्षार असून उष्णतेने बिघडत नाही, हा फरक इथे ध्यानात घेण्यासारखा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले आणि त्यांतील चारातला एकाहून अधिक मृत्यू एकट्या नायजेरियात झाला. भारतातही त्या वर्षी १९ हजारांच्या आसपास माता दगावल्या. नायजेरियातील सुईणीने वेळेवर सुई टोचली, कागदावर नोंदही केली, पण सुईत दम नव्हता, असे किती वेळा झाले असेल हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. आपल्याकडच्या नोंदवहीतही ते सापडणार नाही, कारण आपण नमुने बहुतेक भांडाराच्या पातळीवर तपासतो. दोन उन्हाळे काढून उपकेंद्राच्या कपाटात पोहोचलेली अँप्युल फारशी कोणी तपासायला नेत नाही.

ऑक्सिटोसिनच्या उपलब्धतेशी आपण मधल्या काळात किती निष्काळजीपणे खेळलो, याचीही आठवण करून देणे आवश्यक आहे. गाई-म्हशी पान्हवण्यासाठी गोठ्यांतून या इंजेक्शनाचा गैरवापर होतो, हे आपल्या ग्रामीण वाचकांना सांगायला नको. तो रोखण्याच्या हेतूने केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली आणि संपूर्ण देशाची गरज कर्नाटकातील एका सरकारी कंपनीवर सोपवली. अनेक कारखाने बनवत असलेले जीवरक्षक औषध एकाच कारखान्याच्या भरवशावर ठेवणे किती धोक्याचे आहे, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कसारख्या संघटनांनी परोपरीने सांगितले. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती अधिसूचना मनमानी आणि शास्त्रीय आधार नसलेली ठरवून रद्द केली. गोठ्यातला गैरवापर थांबलाच पाहिजे. पण त्यासाठी बेकायदा कारखाने आणि विनालेबल बाटल्या विकणारे पकडावेत, बाळंतिणीचे औषध दुर्मिळ करू नये. हा निर्णय घेताना लेबर रूममध्ये उभी राहणारी एखादी परिचारिका त्या बैठकीत बसली असती, तर तिने पहिल्या पाच मिनिटांत हे सांगितले असते.

आता खरेदीविषयी. इथे माझे म्हणणे थोडे तपशिलात मांडतो, कारण तुटवडा हा योगायोग नसतो. तो आपल्या मागणीपत्रातच रुजवला जातो. केंद्राने पुढच्या वर्षासाठी किती औषध मागायचे, हे बहुधा मागच्या वर्षीच्या खपावरून ठरते. मागच्या वर्षी तीन महिने औषध आलेच नसेल, तर खप कमी दिसतो. त्यावरून यंदाची मागणी कमी जाते. ती कापून मंजूर होते. आणि यंदा औषध आणखी लवकर संपते. कागदावर मात्र मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसलेला दिसतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. आपल्याकडे सर्रास येणारी ऑक्सिटोसिनची अँप्युल पाच युनिटची असते आणि मात्रा आहे दहा युनिटची. एका प्रसूतीला एक अँप्युल असा हिशोब कोणी सवयीने मांडला, तर वर्षाची निम्मी गरज मागणीपत्रातच बुडाली. म्हणून या औषधांची मागणी अपेक्षित प्रसूतींच्या संख्येवरून ठरली पाहिजे. गरोदर मातांची नोंदणी आपल्याकडे नावागावासह होते, त्यामुळे पुढील सहा महिन्यांत कोणत्या केंद्रात अंदाजे किती प्रसूती होणार हे आशा आणि आरोग्यसेविका आजही सांगू शकतात.

महाराष्ट्रात औषध खरेदीची यंत्रणाही वारंवार बदलत आली आहे. २०१७ पासून ती हाफकिन महामंडळाकडे केंद्रित झाली, विलंबाच्या तक्रारी झाल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. प्राधिकरणाचे नाव बदलल्याने कपाट भरत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ उभारले, तेव्हा जिल्हावार गोदामे बांधली, प्रत्येक आरोग्य संस्थेला पासबुक दिले आणि त्या पासबुकातल्या रकमेपुरती आपल्याला हवी ती औषधे उचलण्याचा अधिकार संस्थेला दिला. कोणते औषध किती हवे हे वरून ठरण्याऐवजी खालून ठरू लागले आणि आलेला माल तपासल्याशिवाय गोदामातून बाहेर पडेनासा झाला. राजस्थाननेही २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना याच वाटेने जाणे पसंत केले. आपल्याकडे ई-औषधी ही संगणक प्रणाली आहेच. त्यातील प्रत्येक केंद्राचा साठा सर्वांना पाहता येईल असा खुला केला, तर सरपंचाला, पत्रकाराला आणि गरोदर बाईच्या नवऱ्यालाही तो आधीच कळेल. तसेच स्थानिक खरेदीसाठी वैद्यकीय अधिकाऱ्याला मिळणारी रक्कम या मोजक्या औषधांपुरती तरी अटीशर्तींविना खर्च करता यावी. तीन दरपत्रके मागवण्यात जेवढे दिवस जातात, तेवढ्यात काही प्रसूती होऊन गेलेल्या असतात.

बालकांच्या औषधांबाबत तर विसंगती अधिकच बोचते. अतिसाराच्या बाळाला ओआरएससोबत झिंक द्यावे, सहा महिन्यांवरील बाळाला रोज वीस मिलिग्रॅम आणि त्याखालील बाळाला दहा, दहा ते चौदा दिवस, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस आणि जेमतेम ३० टक्क्यांना झिंक मिळाले. ज्या ओआरएसने १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातून असंख्य जीव वाचले, ते आपल्याच देशात पन्नास वर्षांनंतरही दहापैकी चार बाळांपर्यंत पोहोचत नाही. आणि पोहोचते तेव्हा कधी कधी दुसरेच काही पोहोचते. ओआरएस हे नाव मिरवणारी, पण भरमसाट साखर घातलेली पेये औषध दुकानात खऱ्या पुड्यांशेजारी विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने आठ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या वापरावर बंदी घातली. जास्त साखरेचे पेय अतिसार वाढवते, हे आईला कोण सांगणार? तिने तर नाव वाचून विश्वासाने घेतलेले असते.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेले खोकल्याचे सिरप पिऊन वीसहून अधिक चिमुकल्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ती दगावली. त्यांतील अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार सुरू होते. २०२२ मध्ये गांबिया या लहानशा देशात सुमारे सत्तर मुले अशाच भेसळीच्या सिरपमुळे गेली आणि तीही सिरपे भारतातच बनलेली होती. पाच वर्षांखालील मुलाला खोकल्याच्या सिरपची सहसा गरज नसते. त्याला न्यूमोनिया असेल, श्वास भराभर चालत असेल, तर गरज असते ॲमॉक्सिसिलिनची. त्याची चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी गोळी मिळते. ती बाटलीपेक्षा स्वस्त, फुटत नाही, फ्रिज मागत नाही आणि आशाच्या पिशवीत मावते. तरीही गावातल्या दुकानात सिरपच्या रंगीत बाटल्या हाताला लागतात, ही गोळी आणि झिंकची पट्टी मात्र मागून मिळत नाही. ज्या औषधात नफा नाही त्याच्या पाठीशी कोणी विक्रेता उभा राहत नाही. म्हणून त्याच्या पाठीशी सरकारने उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

औषध दारापर्यंत नेले तर काय होते, हे सिद्ध करण्यासाठी महाराष्ट्राला परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी करून जंतुसंसर्ग झाल्यास घरी प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रस्ता नाही, डॉक्टर नाही, वीज बेभरवशाची, अशा गावांत हे घडले. औषध, ते देणारे शिकलेले हात आणि त्यांवर देखरेख, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते घडले. आपल्या नियमांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेला प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन देण्याची आणि झटके येणाऱ्या मातेला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची मुभा दिली आहे. तिच्या कपाटात ते नसेल, तर त्या परवानगीचा उपयोग काय?

जागतिक पातळीवरही हाच विचार २०१२ मध्ये मांडला गेला होता. नायजेरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन आणि नॉर्वेचे तत्कालीन पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांच्या सहअध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्र आयोगाने माता-बालकांसाठी जीवरक्षक अशा तेरा वस्तूंची यादी केली. त्यात वर उल्लेखलेली ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, ओआरएस, झिंक, ॲमॉक्सिसिलिन आणि इंजेक्शनाची प्रतिजैविके ही सारी होती. त्यानंतर बऱ्याच गरीब देशांत यातील पुरवठा परदेशी मदतीवर चालत राहिला. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने आपली मदत गोठवली आणि जुलैत यूएसएड ही संस्थाच मोडीत काढली, तेव्हा या टेकूवर उभ्या असलेल्या व्यवस्थांचे काय हाल झाले असतील याची कल्पना करता येते. अशा वेळी विकसनशील जगाला सर्वाधिक जेनेरिक औषधे पुरवणारा देश म्हणून भारताचे कर्तव्य वाढते. गांबियाला जाणारी बाटली आणि गोंदियाला जाणारी बाटली एकाच काटेकोर तपासणीतून गेली पाहिजे. त्यासाठी औषध निरीक्षकांची रिकामी पदे भरणे आणि राज्यातील तपासणी प्रयोगशाळांचे अहवाल महिनोन्महिने न रेंगाळता वेळेत येणे, ही किमान तयारी आहे.

नव्या औषधांचेही स्वागत आहे. उष्णता सहन करणारे कार्बेटोसिन तीस अंशांत तीन वर्षे टिकते. भारतासह दहा देशांतील सुमारे तीस हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले आणि २०१९ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जिथे फ्रिज टिकणारच नाही अशा भामरागडसारख्या तालुक्यांसाठी राज्याने ते जरूर घ्यावे. पण कार्बेटोसिन रक्तस्राव टाळण्यासाठी आहे. रक्तस्राव सुरू झाल्यावर उपचाराला ऑक्सिटोसिनच लागते आणि त्यासोबत पहिल्या तीन तासांच्या आत ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारे औषध. त्यामुळे नवे औषध आले म्हणून फ्रिजचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये.

राज्याच्या आरोग्य खात्याने येत्या उन्हाळ्यापूर्वी एक परिपत्रक काढावे, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक सरकारी केंद्रात ऑक्सिटोसिन आयएलआरमध्ये किंवा स्वतंत्र फ्रिजमध्येच राहील, त्याच्या तापमानाची नोंद लसींप्रमाणेच दिवसातून दोनदा होईल आणि ती पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद त्या परिपत्रकात नमूद असेल, एवढे त्यात असावे. उन्हाळा संपल्यावर निवडक उपकेंद्रांच्या कपाटांतून अँप्युली उचलून अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तपासाव्यात आणि निकाल चांगला येवो वा वाईट, तो आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावा.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, विदर्भ